नोट्स ॲप अडलं तर ऑनलाइन मदत कशी मागायची: काय तपासावं, काय लिहावं, काय जोडावं

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गटांत ऑब्सिडियन, जॉप्लिन, वननोट वापरणारे आता बरेच झालेत. फवारणीच्या नोंदी, स्पर्धा परीक्षेची टिपणं, पीएचडीची कात्रणं, सगळं त्यात असतं. पण अडलं की प्रश्न येतो तो असा: "भाऊ, ॲप चालत नाही, काय करू?" सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो. याला उत्तर देता येत नाही. उत्तर येत नाही म्हणून विचारणारा थकतो आणि ॲपच सोडून देतो. म्हणून हा धागा. ज्यांना जे ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

लांब बसलेल्या माणसाला तुमचं यंत्र दिसत नसतं. तुम्ही सांगितलं तसंच तो स्वतःच्या यंत्रावर करून बघतो. तिकडे तेच घडलं तर कारण सापडतं, नाही घडलं तर तो अंदाज बांधत बसतो. त्यामुळे प्रश्नाचा सगळा जीव एकाच गोष्टीत आहे: कोणत्या पायऱ्यांनी ती अडचण हमखास पुन्हा दिसते.

प्रश्न लिहिण्याआधी नोंदींची प्रत काढा. ऑब्सिडियनमध्ये सगळं साध्या मार्कडाउन (खुणांसह साधा मजकूर) फाइलींत असतं, म्हणून ॲप बंद करून पूर्ण व्हॉल्टचं (म्हणजे सगळ्या नोंदींचं) फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की झालं. त्यात टिंबाने सुरू होणारं एक लपलेलं ऑब्सिडियन फोल्डर असतं. सेटिंग, प्लगइन (वरून जोडलेली छोटी साधनं), थीम हे सगळं त्यात राहतं, तेही आलंय ना ते बघा. जॉप्लिनमध्ये फाइल मेनूतून एक्स्पोर्ट ऑल, प्रकार जेईएक्स. नोंदी, वह्या, टॅग, जोडलेल्या फाइली सगळं त्या एका फाइलीत येतं. प्रत हातात नसताना "अनइन्स्टॉल करून बघा" हा सल्ला कोणाचाही ऐकू नका.

मग ऑब्सिडियनवाल्यांनी सेटिंगमध्ये कम्युनिटी प्लगइन उघडून रिस्ट्रिक्टेड मोड सुरू करावा, म्हणजे बाहेरचे प्लगइन बंद राहतात. थीम मूळची ठेवावी, सीएसएस स्निपेट (रूप बदलणारे छोटे कोड) बंद करावेत, ॲप पुन्हा उघडावं. अडचण गेली तर दोष ॲपचा नाही, एखाद्या प्लगइनचा किंवा थीमचा आहे. चोवीस प्लगइन असतील तर एकेक बंद करत बसू नका. अर्धे बंद करा. अडचण राहिली तर दोषी चालू असलेल्या अर्ध्यांत, गेली तर बंद केलेल्यांत. चोवीसचे बारा, बारांचे सहा, सहाचे तीन, असं फार तर पाच फेऱ्यांत नाव हाती लागतं.

रिस्ट्रिक्टेड मोडमध्येही अडचण राहिली, तर कंट्रोल-पी दाबून कमांड पॅलेट उघडा आणि 'ओपन सँडबॉक्स व्हॉल्ट' निवडा. हा सरावाचा व्हॉल्ट असतो. तीच कृती तिथे करा. सँडबॉक्समध्ये घडत नसेल तर प्रश्न तुमच्या व्हॉल्टच्या सेटिंगचा किंवा एखाद्या फाइलीचा. तिथेही घडत असेल तर बग, म्हणजे ॲपमधलाच दोष, असण्याची शक्यता चांगली.

शेवटी त्याच कमांड पॅलेटमधून 'शो डीबग इन्फो'. येईल तो मजकूर जसाच्या तसा कॉपी करून प्रश्नाखाली चिकटवा. फोटो नको, मजकूर.

पांझरा, धुळे

तापीकाठ भाऊ, डीबग इन्फोबद्दल एक भर. त्यात दोन आवृत्त्या दिसतात: एक ऑब्सिडियन व्हर्जन, दुसरी इन्स्टॉलर व्हर्जन. ॲप स्वतःला अद्ययावत करतं, पण ज्यावर ॲप चालतं ते आतलं इलेक्ट्रॉनचं इंजिन इन्स्टॉलरसोबत येतं आणि ते आपोआप बदलत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एकदा बसवून ठेवलेल्या संगणकावर वरची आवृत्ती नवी आणि इन्स्टॉलर जुना असं चित्र नेहमीच असतं. पीडीएफ न निघणं, विंडो पांढरी होणं, अक्षरं पुसट दिसणं, असल्या तक्रारींत फोरमवरचे जुने लोक पहिल्यांदा इन्स्टॉलरच विचारतात. उपाय सोपा: अधिकृत साइटवरून नवा इन्स्टॉलर उतरवून जुन्यावरच चालवायचा. नोंदी वेगळ्या फोल्डरमध्ये असल्याने त्यांना धक्का लागत नाही. एवढं करूनच प्रश्न टाका, एक दिवस वाचतो.

केळीबाग, सावदा

नमस्कार. याच विषयाचा प्रश्न आहे, कसा मांडावा तेही सांगा. ऑब्सिडियनमध्ये केळीच्या नोंदी आहेत: लागवड, ठिबकची खतं, करपा आणि सीएमव्ही या विषाणूरोगाच्या पाहण्या. विंडोज संगणक आणि अँड्रॉइड फोन यांच्यात सिंकथिंग (फाइली दोन्हीकडे सारख्या ठेवणारं ॲप) लावलं आहे. संगणकावर ३१२ नोंदी, फोनवर २९७. पंधरा नोंदी फोनवर येतच नाहीत. बाकीच्या लगेच येतात. प्लगइन सगळे बंद करून पाहिले, फरक नाही.

लिपीकार, धुळे

केळीबाग दादा, प्रश्न चांगला मांडलात. आकडे दिलेत आणि काय करून पाहिलं तेही दिलंत. आता त्या पंधरा नोंदींची नावं बघा. बहुतेक ती सगळ्यांत लांब नावं असतील.

कारण असं. ऑब्सिडियनमध्ये नोंदीचं शीर्षक हेच फाइलीचं नाव. विंडोजची एनटीएफएस पद्धत एका नावात २५५ एकक मोजते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एक एकक धरलं जातं. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या आतल्या साठवणीत मर्यादा २५५ बाइटची आहे. लिनक्सवरही तेच. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. शेवटच्या टिंब-एमडीचे तीन बाइट वजा केले की उरतात २५२, म्हणजे ८४ चिन्हं.

चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचं हलन्त, प्रत्येक वेगळं मोजलं जातं. "केळी" डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण क, एकार, ळ, ईकार मिळून चार चिन्हं, १२ बाइट. "फवारणी" सहा चिन्हं, १८ बाइट. "क्षेत्र" दिसायला दोनच अक्षरं, पण सात चिन्हं, २१ बाइट. म्हणून पंचेचाळीस-पन्नास अक्षरांचं मराठी शीर्षक विंडोजवर सुखाने बसतं आणि फोनवर फाइल तयारच होत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे कधी दिसत नाही, त्याला २५२ अक्षरांची मोकळीक असते. परदेशी फोरमवर "सिंक होत नाही" एवढंच लिहिलं, तर तिथल्या कोणाच्या मनातही हे येणार नाही. आपणच सांगायला हवं.

तपासण्यासाठी फोनवर सिंकथिंगमध्ये ते फोल्डर उघडा आणि फेल्ड आयटम्सची यादी बघा. तिथे नाव फार लांब असल्याचा संदेश असेल तर निदान पक्कं.

दुरुस्ती करताना फाइलींची नावं विंडोजच्या एक्स्प्लोररमधून बदलू नका. ऑब्सिडियनच्या आतूनच बदला आणि त्याआधी सेटिंगमध्ये फाइल्स अँड लिंक्सखाली 'ऑटोमॅटिकली अपडेट इंटर्नल लिंक्स' चालू आहे ना ते पाहा. नाहीतर त्या नोंदींकडे येणारे दुवे तुटतील. पूर्ण लांब शीर्षक नोंदीच्या पहिल्या ओळीत मथळा म्हणून ठेवा, किंवा प्रॉपर्टीजमध्ये एलियास (पर्यायी नाव) म्हणून द्या. एलियास दिलं की शोधात जुनं नावही लागतं. तारखेतली तिरकी रेघ, विसर्गासारखं दिसणारं दोन टिंबांचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, हे नावात टाळा. विंडोजला ती चालत नाहीत, आणि तिरकी रेघ तर कुठेच चालत नाही.

केळीबाग, सावदा

फेल्ड आयटम्समध्ये पंधराच्या पंधरा नावं आहेत. सगळ्यांत छोटं ९१ चिन्हांचं. आज संध्याकाळी नावं लहान करतो.

सातपुडा_वही, शहादा

केळीबाग दादांसारखं सिंकथिंग वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, प्रश्न विचारायची वेळच येणार नाही.

पहिली. अँड्रॉइडचं मूळ सिंकथिंग ॲप डिसेंबर २०२४ नंतर बंद झालं आहे. आता सिंकथिंग-फोर्क नावाचं वेगळं ॲप चालतं. फोरमवर "सिंकथिंग वापरतो" असं न लिहिता कोणतं ते आणि त्याची आवृत्ती लिहा.

दुसरी. लपलेल्या ऑब्सिडियन फोल्डरमध्ये वर्कस्पेस नावाची जेसन फाइल असते. कोणती नोंद उघडी आहे, कोणतं पान कुठे आहे, एवढंच तिच्यात असतं, आणि ती दर क्लिकला बदलते. दोन यंत्रं एकाच वेळी चालू असली की हिच्यावरून संघर्ष होतो आणि 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' अशा नावाच्या फाइलींचा ढीग जमतो. सिंकथिंगच्या इग्नोर पॅटर्न्समध्ये वर्कस्पेस आणि वर्कस्पेस-मोबाइल या दोन्ही फाइली टाका. नोंदींचं काही बिघडत नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडे नेटवर्क दिवसातून दहा वेळा जातं-येतं. तिथे फोनने सिंकथिंगला पार्श्वभूमीत झोपवलं की ते जागं होत नाही. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. सिंक थांबल्याच्या तक्रारीत हे करून पाहिलं की नाही, तेही लिहायचं.

शब्दवेचा, अमळनेर

बठ्ठासले राम राम. मी अहिराणी शब्द जमवून ऑब्सिडियनमध्ये ठेवते. शोधात "ऱ्हास" टाकलं की अर्ध्याच नोंदी लागतात. उरलेल्या नोंदींत तोच शब्द डोळ्यांना दिसतो, तरी शोध म्हणतो नाही. "ॲप", "ॲसिड" अशा शब्दांचंही तसंच. हे परदेशी फोरमवर विचारावं का? आणि कसं?

लिपीकार, धुळे

ताई, हा बग नाही. आपल्या लिपीच्या सांकेतिकीकरणाची ही गाठ आहे, आणि अहिराणीवाल्यांना ती जास्त भोवते, कारण ऱ्हास, ऱ्हायना अशी रूपं पावलोपावली येतात.

अर्ध्या र-ची ती पापणीसारखी खूण दोन प्रकारे लिहिता येते. एक, खाली टिंब असलेला ऱ, यूनिकोडमध्ये यू+०९३१, त्यापुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, यू+२००डी. ऱ्हास आणि र्‍हास स्क्रीनवर एकसारखे दिसतात, पण आतली चिन्हं वेगळी. शोध चिन्हं जुळवतो, चित्र नाही. कोणत्या कीबोर्डने कोणतं रूप उमटतं ते कीबोर्डागणिक बदलतं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबलं की ऱ थेट मिळतो. फोनवर टाइप केलेल्या नोंदी आणि संगणकावर केलेल्या नोंदी वेगळ्या निघाल्या तर याचमुळे.

ॲ-चंही तेच. ॲ हे एकसंध चिन्ह, यू+०९७२, यूनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर अर्धचंद्र देऊन अॅ लिहीत आले. दोन्ही आजही चालू आहेत.

तपासायला वर्डमध्ये शब्द चिकटवा, चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि ऑल्ट-एक्स दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबलं की चिन्ह परत येतं.

तात्पुरता उपाय: ऑब्सिडियनच्या शोधात दोन तिरक्या रेघांच्या मध्ये दोन्ही रूपं टाका, त्यांच्यात उभी रेघ. म्हणजे /ॲप|अॅप/ असं. दोन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र लागतात.

कायमचा उपाय म्हणजे सगळीकडे एकच रूप करून घेणं. ऑब्सिडियनमध्ये कंट्रोल-एच फक्त उघड्या नोंदीत बदल करतं. सगळ्या व्हॉल्टमध्ये बदलायचं असेल तर प्रत काढून, ऑब्सिडियन बंद करून, ते फोल्डर व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये उघडा आणि तिथल्या 'रिप्लेस इन फाइल्स'ने करा. शोधायचं ते पूर्ण रूप द्या: र, हलन्त, जोडचिन्ह. त्याच्या जागी ऱ आणि हलन्त.

इथे एक मोठी चूक होते, कृपा करून ती करू नका. काही जण "न दिसणारी चिन्हं काढून टाका" या सल्ल्यावर सगळी जोडचिन्हं पुसतात. मग सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या होतो. अर्थच बदलतो, आणि परत आणायला मार्ग नाही, कारण मुळात दर्या कुठे होता आणि दऱ्या कुठे, ते फाइलीला आता ठाऊक नाही.

फाइलीच्या नावात ही रूपं असतील तर ती नावं ऑब्सिडियनमधूनच हाताने बदला. नाहीतर मजकुरातला दुवा नव्या रूपात आणि फाइल जुन्या रूपात, असा घोळ होतो.

परदेशी फोरमवर विचारायचंच असेल तर "मराठी शोध चालत नाही" असं लिहू नका. दोन ओळींची नोंद द्या, एकीत एक रूप, दुसरीत दुसरं, आणि दोन्हींचे यूनिकोड क्रमांक लिहा. तिथल्या माणसाला लिपी वाचता येत नाही, पण क्रमांक वाचता येतात.

शब्दवेचा, अमळनेर

क्रमांक पाहिले. फोनवरच्या नोंदींत २००डी आहे, लॅपटॉपवरच्यात ०९३१. आता कळलं. नावांत हे रूप असलेल्या नोंदी वीसेक आहेत, त्या हातानेच करते.

गिरणाकाठ, चाळीसगाव

मला एक वेगळं म्हणायचं आहे. एवढं इंग्रजीत लिहून परदेशी फोरमवर थांबायचं कशाला? आपल्या टेलिग्राम, व्हॉट्सॲप गटावर पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

तापीकाठ, भुसावळ

गिरणाकाठ भाऊ, लगेच हवं असेल तर गट चांगलाच. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरीच्या नोंदी उघडत नसतील तर माणूस दोन दिवस थांबू शकत नाही. पण गटातलं उत्तर वर सरकून जातं. सहा महिन्यांनी दुसऱ्याला तेच अडलं की पुन्हा पहिल्यापासून. डिस्कॉर्डचंही तसंच, तिथलं संभाषण गुगलच्या शोधात येत नाही. फोरमवरचा धागा शोधाला सापडतो, म्हणून उत्तर देणारेही तिथे नीट लिहितात.

कुठे विचारायचं ते अडचण बघून ठरवावं. ॲपच्या मूळ कामाची अडचण असेल तर त्या ॲपचा अधिकृत फोरम. ऑब्सिडियन आणि जॉप्लिन दोघांचे फोरम डिस्कोर्स या एकाच फोरम-प्रणालीवर चालतात, एकदा हात बसला की दोन्हीकडे सारखंच. आधी मदतीच्या विभागात विचारा. तिथे दुसऱ्याने पायऱ्या करून खात्री केली की मग बगच्या विभागात जा. प्लगइनची अडचण असेल तर त्या प्लगइनच्या गिटहब (कोड ठेवायची साइट) पानावर इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडा. मुख्य फोरमवर प्लगइन बनवणारा असेलच असं नाही. वननोटसाठी मायक्रोसॉफ्टचा समुदाय आहे, पण तिथे कोणतं वननोट ते पहिल्या ओळीत लिहा. 'वननोट फॉर विंडोज १०' नावाचं वेगळं ॲप होतं, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्यावरच्या पायऱ्या आणि डेस्कटॉप वननोटवरच्या पायऱ्या जुळत नाहीत, आणि निम्मे प्रश्न याच गोंधळात अडकतात.

एकच प्रश्न तीन ठिकाणी टाकणार असाल तर प्रत्येक ठिकाणी बाकीच्यांचा दुवा द्या. नाहीतर तीन माणसं तेच काम तीनदा करतात. आणि वेळेचा हिशेब ठेवा: आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपल्या सकाळी नऊला तिकडे युरोपात पहाट असते, अमेरिकेत रात्र. एक-दोन दिवस थांबून मगच आठवण करावी.

पांझरा, धुळे

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. छोटी वाक्यं लिहा, यंत्राने भाषांतर केलं तरी चालतं. फक्त मेनूची नावं भाषांतरातून जाऊ देऊ नका. स्क्रीनवर जे शब्द आहेत तेच, त्याच वर्णांत उतरवा. "सेटिंगमधल्या दुरुस्तीच्या भागात गेलो" असं काही उमटलं तर वाचणाऱ्याला ती जागा सापडणार नाही.

संदेश, लॉग (ॲपने आपोआप लिहिलेल्या घडामोडी), मार्कडाउनचा नमुना कोड ब्लॉकमध्ये टाका, म्हणजे वर-खाली तीन-तीन बॅकटिक. बाहेर टाकला तर फोरमच तारका आणि अधोरेषा गिळून टाकतो, आणि मूळ मजकूर काय होता तेच कळत नाही.

वहीवाला, जळगाव

जॉप्लिनवाल्यांसाठी लिहितो, इथे सगळी चर्चा ऑब्सिडियनचीच चालली आहे.

जॉप्लिनमध्ये फाइलीचं नाव शीर्षकावरून पडत नाही. सिंकच्या ठिकाणी प्रत्येक नोंद बत्तीस अंक-अक्षरांच्या ओळखक्रमांकाने साठते. त्यामुळे लांब मराठी शीर्षकाची वरची अडचण इथे येत नाही. पण म्हणूनच ड्रॉपबॉक्समधलं ते फोल्डर उघडून हाताने फाइली हलवणं, नावं बदलणं, असलं काही करू नये.

प्रश्न विचारताना हे द्या. हेल्प मेनूतल्या अबाउटमधला सगळा मजकूर, तो कॉपी करता येतो. सिंक कशावर आहे: ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड, वेबडॅव्ह की जॉप्लिन क्लाउड. गुगल ड्राइव्ह थेट यादीत नाही, अनेक जण तिथेच अडतात. मग सिंक्रोनायझेशन स्टेटसच्या पानावरचे आकडे. तिथे एकूण किती वस्तू आणि त्यातल्या किती पोचल्या, असे जोडीने आकडे येतात. संगणक आणि फोन दोन्हींचे द्या, फरक कुठे आहे ते लगेच दिसतं. शेवटी लॉग: हेल्पमधून 'ओपन प्रोफाइल डिरेक्टरी', तिथली लॉगची टेक्स्ट फाइल. आधी सिंक चालवा, अडचण येऊ द्या, मग शेवटच्या तीस-चाळीस ओळी घ्या. पूर्ण फाइल टाकू नका. टाकण्याआधी ईमेल, सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव, टोकन सगळं खोडा.

नेक्स्टक्लाउडवर दोन टप्प्यांची ओळख चालू असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, नेक्स्टक्लाउडच्या सुरक्षा सेटिंगमधून ॲप पासवर्ड काढावा लागतो. आणि पत्त्याच्या शेवटी जे फोल्डर लिहिता ते तिथे आधी तयार असावं लागतं.

एन्क्रिप्शन लावताना घाई नको. आधी एकाच यंत्रावर चालू करा, सगळं वर चढू द्या, मग दुसरं यंत्र सिंक करा आणि तिथे मास्टर पासवर्ड द्या. दोन्हीकडे एकाच वेळी चालू केलं तर दोन वेगळ्या किल्ल्या तयार होतात आणि गुंता वाढतो. नोंदींच्या जागी कुलूपबंद मजकूर दिसला तर घाबरून नोंदी पुसू नका. बहुतेक वेळा त्या यंत्रावर पासवर्ड दिलेला नसतो, एवढंच.

शोधात मराठी शब्द अडला तर त्याच्या आधी एक तिरकी रेघ देऊन बघा. त्याने साधा, थोडा संथ शोध चालतो. तिथे सापडलं आणि नेहमीच्या शोधात नाही, तर हा फरक प्रश्नात लिहा, उत्तर देणाऱ्याला थेट दिशा मिळते.

मोडीवाचक, धुळे

राजवाडे संशोधन मंडळाच्या दप्तरासारख्या मोडी कागदांवर काम करणाऱ्यांसाठी लिपीकारांना विचारतो: मोडीतली शीर्षकं आणि कागदांची छायाचित्रं फोनवर कशी पोचवावीत? काही नोंदींत नुसते चौकोन दिसतात. सिंक ऑब्सिडियनचंच पैसे भरून घेतलेलं आहे.

लिपीकार, धुळे

चौकोन दिसले म्हणजे फाइल बिघडली असं नाही, त्या यंत्रावर मोडीचा फॉण्ट नाही. मोडी यूनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत आली. संगणकावर नोटो सान्स मोडी बसवा आणि ऑब्सिडियनच्या अपिअरन्समध्ये टेक्स्ट फॉण्टच्या यादीत देवनागरी फॉण्टच्या खाली तो जोडा. फोनवर फॉण्ट बसवणं कठीण. म्हणून फाइलीचं नाव देवनागरीतच ठेवा आणि मोडी नोंदीच्या आत. शिवाय मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात, म्हणजे फाइलीच्या नावात फक्त ६३ चिन्हं.

छायाचित्रांचं कारण वेगळं आहे. ऑब्सिडियन सिंकच्या स्टँडर्ड योजनेत एका फाइलीची कमाल मर्यादा ५ एमबी आहे, प्लसमध्ये २०० एमबी. दप्तराच्या पानाचं चांगलं छायाचित्र सहज ८-१० एमबी होतं, ते वगळलं जातं. सिंकची नोंदवही (लॉग) उघडली तर वगळलेल्या फाइलींची नावं दिसतील. वाचण्यापुरती प्रत जेपीजीमध्ये लांब बाजूला अडीच हजार पिक्सेलची करून नोंदीत जोडा, मूळ छायाचित्र वेगळ्या डिस्कवर ठेवा.

सातपुडा_वही, शहादा

लाइट जाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. डेस्कटॉपवर लिहिताना लाइट गेली आणि नंतर नोंद उघडली तर रिकामी, फाइल शून्य बाइटची. तेव्हा त्या नोंदीत काही टाइप करू नका आणि दुसरं यंत्र सिंक होऊ देऊ नका, नेट बंद करा. ऑब्सिडियनच्या सेटिंगमध्ये फाइल रिकव्हरी आहे, तिथे 'व्ह्यू' दाबून नोंदीचं नाव टाका. मुळात दर पाच मिनिटांनी प्रत घेतली जाते आणि सात दिवस राहते. दिवस वाढवता येतात, मी तर आजच वाढवून ठेवा म्हणेन. या प्रती व्हॉल्टच्या बाहेर, त्याच यंत्रावर असतात, म्हणून ज्या संगणकावर लिहिलं तिथेच बघा, फोनवर नाही. जॉप्लिनमध्ये नोंदीचा इतिहास आहे, तो मुळात ९० दिवस राहतो.

डीटीपी_चोपडा

श्रीलिपी, कृतिदेवमधला जुना मजकूर नोट्समध्ये चिकटवून "अक्षरं बिघडली" म्हणणारे खूप. तो यूनिकोड नाहीच, इंग्रजी चिन्हांवर मराठी आकार चढवलेले आहेत. आधी त्या फॉण्टच्या कन्व्हर्टरने यूनिकोड करून घ्या, मग चिकटवा. र्‍हस्व वेलांटी आणि रफार हटकून चुकतात, एकदा नजर फिरवा. हा प्रश्न कोणत्याच ॲपच्या फोरमवर टाकायचा नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव

पटलं. मग एक नमुना द्या ना कोणीतरी, तसाच भरून टाकता येईल.

तापीकाठ, भुसावळ

घ्या. केळीबाग दादांचाच प्रश्न नमुना म्हणून. इंग्रजी करून टाका.

शीर्षक: लांब देवनागरी नावाच्या नोंदी विंडोजवरून अँड्रॉइडवर जात नाहीत, बाकीच्या जातात.

पायऱ्या: एक, विंडोजवर सँडबॉक्ससारखा नवा व्हॉल्ट केला, प्लगइन नाही. दोन, ९१ देवनागरी चिन्हांच्या नावाची रिकामी नोंद केली. तीन, सिंकथिंगने फोनला जोडला. चार, फोनवर फोल्डर उघडलं.

अपेक्षा: नोंद फोनवर दिसावी. घडलं ते: नोंद नाही, फेल्ड आयटम्समध्ये नाव लांब असल्याचा संदेश, मजकूर खाली कोड ब्लॉकमध्ये.

यंत्रं: विंडोजची आवृत्ती, अँड्रॉइडची आवृत्ती, फोनचं मॉडेल, दोन्हीकडच्या ऑब्सिडियन आणि सिंकथिंगच्या आवृत्त्या. खाली डीबग इन्फो.

करून पाहिलं: रिस्ट्रिक्टेड मोड, बॅटरीची मर्यादा काढली, नाव ३० चिन्हांचं केलं तर नोंद येते.

शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. काय बदललं की अडचण जाते, एवढं सांगितलंत की उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. खऱ्या नोंदी जोडू नका, मजुरांची नावं, बँकेचे आकडे त्यात असतात. नमुन्याची रिकामी नोंद पुरते.

केळीबाग, सावदा

पंधरा नावं लहान केली, लांब नाव एलियासमध्ये ठेवलं. फोनवर ३१२. दोन दुवे मात्र तुटले. ते मथळ्याकडे नेणारे होते आणि नाव लहान करताना मी मथळाही हाताने बदलला होता.

लिपीकार, धुळे

बरोबर. ऑब्सिडियनमध्ये मथळा हाताने बदलला की त्याकडे येणारे दुवे बदलत नाहीत. मथळ्यावर उजवी क्लिक करून 'रिनेम धिस हेडिंग' घ्या, मग बदलतात. तुटलेल्या दोन्हींना आता हातानेच नवं नाव द्या.